बॉनेट गार आहे

मेस्त्री खिशातून हात काढतात आणि अख्खा तळवा बॉनेटवर टेकवतात. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. थोडा वेळ तसेच उभे राहतात.

"गार आहे," ते म्हणतात. मग बॉनेटवर पडलेली बुचाची फुलं बोटाने दाखवतात. "आणि ही बघा. रात्रीपासून कुणी हलवलेली नाय गाडी."

सकाळचे पावणेसात, डिसेंबर महिना. निगडी प्राधिकरणातली ही बंगल्यांची गल्ली अजून झोपेत आहे, दूधवाला तेवढा येऊन गेलाय. आम्हाला खरं तर साडेसातची वेळ दिलेली आहे. पाऊण तास आधी पोचायचं हा मेस्त्रींचा हुकूम. विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन गरम करून ठेवतो. गरम इंजिन सगळ्यांशीच गोड बोलतं, खरं काय ते गार इंजिन सांगतं, असं त्यांचं शास्त्र. काल मला ते पटलं होतं. आता परक्याच्या फाटकाबाहेर, धड उजाडलंही नसताना, त्याच्या गाडीला हात लावत उभं राहिल्यावर चोरासारखं वाटतंय. मुलगी स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेऊन उभी आहे.

"बाबा, कुणी पोलिसांना फोन केला तर?"

"तर त्यांना पण गाडी दाखवू," मेस्त्री म्हणतात आणि चाकाशी उकिडवे बसतात.

गाडी गडद मरून आहे. फियाट लिनिया टी-जेट, २०१४ची. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ अश्वशक्ती. हे आकडे गेले दोन महिने मी रोज रात्री मोबाइलवर वाचतोय. बायकोचा समज आहे की मी म्युच्युअल फंड बघतोय.

माझा आजवरचा गाड्यांचा इतिहास शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा आहे: वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक. आधी सेकंडहँड मारुती ८००, पांढरी. मग वॅगन आर, चंदेरी. मग २०१३ची डिझेल डिझायर, पुन्हा पांढरी. तिचे आता १ लाख ७२ हजार किलोमीटर झालेत. तिन्ही वेळा मी तेच तीन प्रश्न विचारले. अ‍ॅव्हरेज किती देते, सर्व्हिसिंगला किती लागतात, विकताना किती येतील. घरात आणायच्या आधीच घालवायचा हिशेब! तिघींपैकी एकीनेही कधी दगा दिला नाही. रात्री आंबा घाट उतरताना नाही, भर पावसात वरंध्यात नाही. आणि तरीही वॅगन आरचा नंबर आज कुणी विचारला तर मला सांगता येणार नाही. नऊ वर्षं चालवली होती.

डिझायर आता मुलीकडे जाणार आहे. तिची नोकरी तळवड्याला, रोजचं येणं-जाणं. माझं फिरणं उरलंय मंडई, बँक आणि महिन्या-दोन महिन्यांनी गाव. म्हणजे अ‍ॅव्हरेजचा प्रश्न आपोआप बाद झाला, आणि तो बाद झाल्याबरोबर माझ्या डोक्यात हे मरून खूळ शिरलं.

मेस्त्रींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले होते. "साहेब, तुम्ही बारा वर्षं फियाटच चालवताय की." खरंच आहे ते. डिझायरमधलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं मल्टिजेट. स्विफ्टमध्ये तेच, टाटाच्या इंडिका व्हिस्टात तेच. इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. म्हणजे इटालियन काळीज मी बारा वर्षं वापरलं, फक्त शहाण्या कपड्यांत.

काल संध्याकाळी आम्ही एका यार्डात होतो. शहराबाहेर हमरस्त्याला, पत्र्याच्या शेडखाली तीस-चाळीस गाड्या. सगळ्यांच्या टायरांना काळं पॉलिश, सगळ्यांत एकाच अत्तराचा वास. विकणारा पोरगा पाठ केलेलं म्हणत होता, "सर, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, फक्त क्लिनिकला जायची." एका पांढऱ्या सेडानचा मीटर ४१ हजार दाखवत होता. मेस्त्रींनी मीटरकडे बघितलंच नाही. खाली वाकून क्लचच्या पेडलवरचं रबर चाचपलं. त्याच्यावरच्या रेघा झिजून पार गुळगुळीत. "डॉक्टर क्लचवर उभे राहून जायचे का क्लिनिकला?" त्यांनी विचारलं. मग मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो, कधी कुणी बघत नाही, तिथे वाळलेल्या चिखलाचा तपकिरी डाग होता. गाडी पाण्यात बसलेली. पोरगा म्हणाला, सर, ते चहा सांडला असेल.

परतताना मेस्त्री बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "जुन्यात गाडी नाय घ्यायची, साहेब. मालक घ्यायचा."

फाटकाची कडी वाजते. मालक बाहेर येतात. सत्तरीचे काका, मफलर, हातात किल्ली, बगलेत एक लांब वही. आम्हाला पाऊण तास आधी बघून त्यांना काहीच वाटत नाही.

"इंजिन गार आहे का बघायला आलात ना? बरोबर. मीसुद्धा तेच केलं असतं." आणि मग, डाव्या पायावर थोडं लंगडत, गाडीला वळसा घालतात. "रोज आत पोर्चमध्ये असते. काल रात्री बाहेर काढून ठेवली, तुम्हाला चारी बाजूंनी बघता यावी म्हणून."

काकांचं आयुष्य पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं, हे फोनवर कळलं होतं. टूलरूम म्हणजे जिथे केसाच्या जाडीला ढोबळ माप समजतात.

मेस्त्री खिशातून आपलं हत्यार काढतात: जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, सुती फडक्यात गुंडाळलेलं. पत्र्यावरून हलकेच फिरवत नेतात. पत्रा खरा असेल तिथे ते चिकटून चालतं. ठोकून, वर पुट्टी भरून रंगवलेलं असेल तिथे पकड सुटते. पुढचा मडगार्ड, पुढचा दरवाजा. चुंबक गोगलगायीसारखं चाललंय.

"मागचा उजवा," काका आधीच सांगतात. "२०१७. चिंचवडला रिक्षा घासली. बिल आहे."

मागच्या उजव्या दरवाजावर चुंबक खरोखरच खाली घसरतं. मेस्त्री मान वर करत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होतं. माझ्या लक्षात येतं, ते चुंबक काकांच्या बोलण्यावर फिरवत होते.

मग बॉनेट उघडतं. मडगार्डच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा नाहीत, रंग शाबूत. काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे मुलगी मोबाइलच्या उजेडात वाचते, सगळ्या एकाच सालातल्या. टायरवर लंबगोलात चार आकडे: ३२१९. म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. "टायर म्हातारे झालेत," मेस्त्री म्हणतात. "माहिती आहे," काका म्हणतात. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघितला जातो. गंज नाही, फक्त एक जुनी पावती आणि शेंगदाण्याची दोन टरफलं. ऑइलचं झाकण उघडून मेस्त्री त्याची आतली बाजू मला दाखवतात. तिथे दुधाळ चहासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जातंय, इंजिन उघडावं लागणार. इथे नुसतं मधाच्या रंगाचं ऑइल.

"टायमिंग बेल्ट?"

काका वही उघडतात, पान उलटतात. तारीख, किलोमीटर, पावती स्टेपल केलेली. हा बेल्ट तुटला तर इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च समोर उभा राहतो. नुसतं तोंडी "बदललाय हो" म्हणणाऱ्यावर मेस्त्री कधी विश्वास ठेवत नाहीत. पावती ते दोनदा वाचतात.

मुलगी तिच्या कामाला लागली आहे. परिवहनच्या साइटवर नंबर घालून: पहिला मालक, कर्ज नाही म्हणजे बँकेचा बोजा उतरवायची भानगड नाही, नोंदणी २०२९पर्यंत. पुढे चालवायची तर पंधरा वर्षांनंतरचं पासिंग आणि ग्रीन टॅक्स. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना सक्तीची केलेली नवी नंबरप्लेटही लावून झालीय. "चलन एकच, तेपण भरलेलं," ती सांगते आणि थांबते. "एक्स्प्रेसवेवर. स्पीड."

काका मफलर नीट करतात. "उतार होता," ते म्हणतात.

आता मला सायलेन्सरपाशी उभं केलं जातं. माझ्या हातात पांढरा टिश्यू पेपर. धूर निळा आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा आला आणि थांबलाच नाही तर कूलंट आत शिरतंय. काका किल्ली मेस्त्रींना देतात. मेस्त्री ती लगेच फिरवत नाहीत. अर्ध्यावर थांबतात, डॅशबोर्डवरचे दिवे लागून एकेक विझू देतात. इंजिनचा दिवा. एअरबॅगचा. ज्या गाडीत काही लपवायचं असतं तिथे यातला एखादा दिवा लागतच नाही, कारण त्याची वायर कुणीतरी काढून ठेवलेली असते.

मग सेल्फ.

एकदाच गुरगुरते आणि लागते. घुर्र नाही, खडखड नाही. थंड सकाळ असल्यामुळे आधी काटा जरा वर, मग हळूहळू खाली. सायलेन्सरमधून वाफेचा पातळ पट्टा येतो, माझ्या टिश्यूवर ओल धरते, अर्ध्या मिनिटात वाफ विरते. कागदावर काळा ठिपका नाही. मी तो मेस्त्रींना नेऊन दाखवतो, प्रयोगशाळेतून रिपोर्ट आणावा तसा. ते बघतही नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतलेत, आवाज ऐकतायत.

"चला," ते म्हणतात, "चालवा."

दरवाजा ओढतो तो जड. लागतो तेव्हा 'धप' असा आवाज, आमच्या वाड्यातल्या कोठीच्या दारासारखा. काका शेजारी, मेस्त्री आणि मुलगी मागे. क्लच दाबतो आणि काका गाडी का विकतायत ते पायाला कळतं. डिझायरच्या दीडपट तरी जड आहे.

"गुडघा," काका म्हणतात. "ऑपरेशन झालं तरी डॉक्टर म्हणतात, ऑटोमॅटिक घ्या. मुलाने बुक केली."

कुठली ते मी विचारत नाही. तेही सांगत नाहीत.

भक्ती-शक्ती चौकात शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या पुतळ्याला वळसा घालून जुन्या मुंबई रस्त्याला लागतो. पहिले दोन किलोमीटर माझा चक्क विरस होतो. गाडी सुस्त आहे. पाय दाबला तरी ओढत नाही, उलट डिझायर बरी वाटावी. दोन महिन्यांचं जागरण या मठ्ठ गाडीसाठी? आरशात मेस्त्री खिडकीबाहेर बघतायत. स्टिअरिंग मात्र वेगळं आहे. हल्लीच्या गाड्यांना असतं तसं विजेवर चालणारं, एका बोटाने फिरणारं नाही. हे जुन्या पद्धतीचं, हायड्रॉलिक. रस्ता कसा आहे ते हातात येतं. कुठे डांबर नवं, कुठे ठिगळ, कुठे रस्ता डावीकडे कलतोय, सगळं तळहाताला सांगत राहतं. पंचवीस वर्षं मी रस्ते फक्त डोळ्यांनी बघत होतो.

देहूरोडची वस्ती मागे पडते. डाव्या अंगाला लष्कराची भिंत, समोर एक ट्रक, पुढे मोकळा रस्ता.

"आता थर्डला ठेवा," काका म्हणतात. "आणि दोन हजार दोनशेपर्यंत थांबा. घाई करू नका तिला."

मी थांबतो. काटा अठराशे, दोन हजार. काहीच नाही. मग पुढे कुठेतरी बारीक शीळ ऐकू येते, लांबवर कुणी कुकरची शिटी अर्धवट सोडावी तशी, आणि पाठ सीटला टेकते. म्हणजे मी टेकवत नाही, टेकवली जाते. ट्रक बाजूने मागे जातो. मी एवढंच केलेलं आहे की पाय तसाच ठेवला.

"बाबा!" मागून मुलगी ओरडते, पण हसत.

मी पाय काढतो. कान गरम झालेत. चोपन्नाव्या वर्षी मला शिट्टी मारावीशी वाटतेय आणि शेजारी सत्तरीचा सद्गृहस्थ बसलाय.

"हे दर वेळी असंच होतं," सद्गृहस्थ म्हणतात, समोर बघत.

उजेड आता नीट पडलाय. घोरावडेश्वरच्या डोंगराचा माथा उन्हात, पायथा अजून निळा. सोमाटणे फाट्याच्या टोलनाक्याअलीकडे गाडी वळवतो. एका खड्ड्यात चाक जातं. एकच दणका, मग शांत. गाडी हेलकावत बसत नाही. पण पुढून डावीकडून बारीक 'कुई' येते. मेस्त्री मागून लगेच, "लोअर आर्मचं बुश." त्यांचं बाहेर बघणं खोटं होतं तर.

आमच्या लहानपणी फियाट हा शब्द गाडी या अर्थानेच वापरायचे. मामांची होती, दादरला. तीही फियाटच, कुर्ल्याला बनलेली पद्मिनी. गिअर स्टिअरिंगला, पुढे सलग बाक, त्यावर मामा आणि आम्ही तिघं भाचे. मामा गिअर टाकायचे तेव्हा त्यांचं कोपर माझ्या कानाला लागायचं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली तेव्हा पेपरातला फोटो बघून मी कान चोळला होता. त्या गाडीचा आणि या गाडीचा नावापलीकडे काही संबंध नाही, हे मला कळतं. कळून काही उपयोग नसतो.

फाटकाशी आल्यावर मी सवयीने किल्लीकडे हात नेतो.

"थांबा! लगेच बंद नाही. एक मिनिट."

काका घड्याळ बघतात. टर्बोचं पातं मिनिटाला लाखाच्या वर फिरतं, इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं आणि पातं तापलेलंच राहतं. म्हणून आधी एक मिनिट नुसतं चालू ठेवायचं. आम्ही चौघं थांबलेल्या, चालू गाडीत गप्प बसून राहतो. बुचाचं एक फूल काचेवर पडतं. वायपर लावू नका, असं काका म्हणतील या भीतीने मी हात मांडीवर ठेवतो.

"झालं," काका म्हणतात.

आत काकूंनी पोहे केलेत. त्यांना गाडी जाते याचं दुःख दिसत नाही. "जाऊ दे एकदाची," त्या माझ्या बशीत लिंबाची फोड ठेवत म्हणतात. "पार्ट सगळे माळ्यावर. माझी पापडाचे डबे ठेवायची जागा गेली." कंपनीने इथला गाशा गुंडाळायच्या सुमारास काकांनी क्लचप्लेट, एक हेडलाइट, पुढच्या बंपरच्या क्लिपा, दोन जोड्या ब्रेकपॅड आणि कसली कसली रबरं घेऊन ठेवलीयत. गाडीबरोबर सगळं मिळणार आहे. गाडी रांजणगावची. पहिली पूजा तिथल्याच महागणपतीला झाली, "माहेर ना तिचं." त्याच कारखान्यात आता जीप कंपास बनते, हेही काकाच सांगतात, सासर बदललेल्या मुलीबद्दल सांगावं तसं.

आणि वही. काका ती माझ्या पुढ्यात सरकवतात आणि मेस्त्रींशी बुशबद्दल बोलायला लागतात.

पट्टीने आखलेले रकाने. तारीख, लिटर, मीटर, अ‍ॅव्हरेज, शेरा. जुलै २०१४पासून टाकीत पडलेला प्रत्येक थेंब. अ‍ॅव्हरेज शहरात ९.४, ९.१, ९.७, बाहेर १३.२, एकदा १३.८ आणि त्याखाली लाल रेघ. ६८ हजार किलोमीटर, आणि एकाही जागी मीटर उडी मारत नाही. मेस्त्रींनी मघाशी मीटर का विचारला नाही ते आता कळतं. मार्च २०२०नंतर काही महिने पेट्रोलची नोंद नाही, त्या जागी एक ओळ आहे, "दर रविवारी १० मिनिटे चालू केली." शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी कारण लिहिलंय. गणपतीपुळे. बारसे, सातारा. डोळ्यांचा डॉक्टर. नात आणायला.

आणि मधूनमधून एक शेरा येतो: "लोणावळा. काही काम नव्हते."

मी पानं उलटतो. २०१५: "पवना धरण. काही काम नव्हते." २०१८: "तळेगावपर्यंत. काही काम नव्हते." दर दोन-तीन महिन्यांनी, त्याच रेखीव अक्षरात, लिटर आणि अ‍ॅव्हरेज काढून. टूलरूमचा माणूस, त्याला ही ओळ गाळता आली असती, किंवा 'भाजी' असं खोटं लिहिता आलं असतं. लिहिलेलं नाही. मी माझ्या १ लाख ७२ हजारांत असा एक तरी किलोमीटर शोधतो. पुणे-गाव, गाव-पुणे, लग्नं, दवाखाने, शाळा, स्टेशन. एकदा खडकवासल्याला गेलो होतो, पण तेव्हा पाहुणे होते.

अंगणात मेस्त्री मला बाजूला घेतात.

"गाडी एक नंबर," ते म्हणतात. "घेऊ नका."

मी बघत राहतो.

"ऐका. माळ्यावरचे पार्ट चार वर्षं पुरतील. मग? हे इंजिन उघडणारी माणसं पुण्यात बोटावर मोजण्याइतकी. एखाद्या पार्टसाठी गाडी महिनाभर उभी राहील. पंपावर आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ही त्याच्या आधीची गाडी, रबरी पाइप मला दर सहा महिन्यांनी तपासायला लागतील. अ‍ॅव्हरेज नऊ. आणि विकायला काढाल तेव्हा कोण घेणार? तुमच्यासारखाच कुणीतरी." ते थांबतात. "मी तुमचा मेस्त्री आहे, मला सांगायलाच पाहिजे."

खरं आहे सगळं. यातलं एकही वाक्य खोडता येत नाही. मी खोडायचा प्रयत्नही करत नाही, त्यावरून मला माझा अंदाज येतो.

फोन वाजतो. घरून.

"अहो, झालं का बघून? कशी आहे?"

"चांगली आहे. एकाच माणसाच्या हातची. सगळी बिलं आहेत."

"मोठी आहे का? डिकी केवढी?"

"पाचशे लिटर," मी म्हणतो, आणि माझ्या आवाजातला उत्साह मलाच जाणवतो. "डिझायरच्या दीडपट. गावाहून तांदळाची पोती आणता येतील. चारही चाकांना डिस्क ब्रेक. एअरबॅग." मी अजून काय काय शहाणं सांगता येईल ते शोधतोय. लोक आधी ठरवतात आणि कारणं मागाहून गोळा करतात असं मी ऑफिसात इतरांबद्दल नेहमी म्हणायचो.

"बरं. रंग?"

"मरून."

थोडा वेळ काही आवाज नाही. मागे तिच्याकडच्या कुकरची शिटी होते.

"म्युच्युअल फंड मरून असतो होय," ती म्हणते आणि फोन ठेवते.

मुलगी माझ्याकडे बघत नाही. पोर्चच्या छताकडे बघतेय, खांदे हलतायत.

भावाची बोलणी होत नाहीत. मी सव्वातीन तास घासाघीस करायच्या तयारीने आलोय, काकांनी वहीच्या शेवटच्या पानावर हिशेबच मांडून ठेवलाय. अपेक्षा ३ लाख १० हजार. वजा पुढचे दोन टायर. वजा डाव्या बाजूचं बुश, मजुरीसकट. वजा एसीची सर्व्हिस, "यंदा केलेली नाही." तळाशी २ लाख ८८ हजार, दोन रेघांनी अधोरेखित. यातून आणखी काही कमी करा म्हणायला तोंड उघडतं आणि मिटतं. मेस्त्रीसुद्धा तो आकडा बघून नुसते नाक खाजवतात.

"फॉर्म २९ आणि ३०वर माझ्या सह्या तयार आहेत," काका म्हणतात. "पण घाई नाही. घरी जा, विचार करा. नाही म्हणालात तरी पोहे फुकट."

मी विचार करतो, म्हणजे तसं दाखवतो. मेस्त्री पायरीवरून उठतात, हात झटकतात.

"ते बुश," ते म्हणतात, कुणाकडेच न बघता. "मागे बसून नीट ऐकू नाय आलं. स्टिअरिंगचा पण आवाज असू शकतो. मला स्वतः चालवून बघायला लागेल. इथंच, गल्लीच्या तोंडापर्यंत."

काका किल्ली देतात. मेस्त्री सीट पुढे ओढतात, आरसा हलवतात, गाडी काढतात. अगदी सावकाश, इंडिकेटर देऊन, गल्लीच्या तोंडाशी जातात. तिथे थांबतात. मग उजवीकडे वळून दिसेनासे होतात.

आम्ही फाटकाशी उभे. काकू चहाचा दुसरा कप आणतात. पाच मिनिटं होतात, सात होतात. मुलगी म्हणते, फोन करू का? मी म्हणतो, गाडी चालवताना नको.

काका मफलर कानावरून बाजूला करतात. "ऐका," ते म्हणतात.

लांबून, बहुधा स्पाइन रोडच्या अंगाने, एक आवाज येतो. चढतो, क्षणभर तुटतो, पुन्हा चढतो.

"सेकंड," काका म्हणतात. मग बोट वर करून वाट बघतात. "हं. थर्डला गेला."

"बुशसाठी थर्ड लागतो?" मुलगी विचारते.

काका उत्तर देत नाहीत. पायरीवर बसून त्यांनी वही मांडीवर घेतलीय, पेनचं टोपण काढलंय. आजची तारीख घातली आहे. मीटरचा रकाना मेस्त्री आल्याशिवाय भरता येत नाही, तो मोकळा सोडलाय. शेरा मात्र त्यांनी लिहून टाकलाय आणि शाई वाळायला वही उन्हात धरलीय.